शिळ्या पोळीसाठी निफाडला

"बाय, या पोल्या नाय, चपला हायत," आमच्याकडे पोळ्या लाटणारी जवळच्या आपटा गावची हिराबाई म्हणाली, आणि मी जायचं ठरवलं.

ही नव्वदच्या आगेमागची गोष्ट. पनवेलच्या स्टँडजवळ माझी खानावळ होती, कारखान्यांत डबे जायचे. चैत्रात वर्षाचा गहू भरायचा होता आणि व्यापारी नव्या वाणाचा, नंबराचा गहू गळ्यात घालत होता. "वहिनी, उतारा भरपूर. आता सगळे हाच नेतात." उतारा शेतकऱ्याला, मला काय? त्याच्या नमुन्याच्या पोळ्या दुपारी डब्यात वाकत नव्हत्या. असा गहू भरला तर डबे बंद. गहू पारखून घ्यायचे ते आमचे हे, माझे यजमान. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. माल निफाडकडच्या कुठल्या गावचा, ते व्यापाऱ्याकडून काढून घेतलं आणि गव्हातच खोट आहे का ते बघायला नमुन्याची पुडी घेऊन निघाले.

कुणी जाणार असाल तर सकाळची नाशिक एसटी धरा. भाडं फार नाही, पण कसारा घाटात ऊन तापायच्या आत वर पोचलेलं बरं. भूक लागली तर घरची दशमी खा. थांब्यावरची भजी कुठल्या तेलातली, कोण सांगणार? पुढे निफाडची गाडी, मग बैलगाडी.

शेतकरी बाबूराव खळ्यावरच होते. त्यांच्या बायकोने, सुमनताईंनी, गरम पोळी वाढली. मऊ होती. पण हे म्हणायचे, गरम पोळी कुठल्याही गव्हाची चांगलीच लागते.

"सकाळची आहे का एखादी?" मी विचारलं.

सुमनताईंचा चेहरा उतरला. "पाव्हणीला शिळं वाढू? गाव काय म्हणंल?"

"माझी गिऱ्हाइकं गारच खातात."

नाइलाजाने त्यांनी दुरडीतली काढली. घडी घातली, मोडली नाही. मला वाटलं, घरात जुना गहू खातात आणि नवा आम्हाला विकतात. तसं बोललेही.

"जुना पाडव्यालाच संपला," त्या म्हणाल्या. "बघा ना कणगीत, हात घाला." मी खरंच घातला. नवाच होता.

मग मी पुडी सोडली. त्या गव्हात लांब दाण्यांत आखूड, फिकट दाणेही होते. बाबूरावांनी ते बोटाने बाजूला केले. "मळणीयंत्र गावात एकच. आमच्या आधी शेजाऱ्याचा दुसऱ्या वाणाचा गहू निघाला, त्याची पोळी गार झाली की कडक. त्याचा यंत्रात उरलेला आमच्या पहिल्या पोत्यांत आला."

"आणि तुम्ही तीच पोती नमुन्याला दिलीत?"

"पुढं होती, ती गेली."

"आमचं हे असंच," सुमनताई म्हणाल्या. "नवरदेव मागं ठेवायचा आन् पुढं करवला उभा करायचा."

मागचं प्रत्येक पोतं मी उघडायला लावलं, दाणे चावून पाहिले. त्यातला पिशवीभर पनवेलला आणला. गिरणीवाल्याच्या आधीच्या दळणावरही माझा भरवसा नव्हता, म्हणून पहिलं मापटंभर पीठ बाजूला काढायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गव्हाची कालची पोळी घेऊन ओट्याशी बसले. हे असेच बसायचे. अर्धी पोळी चावून होईपर्यंत बोलायचे नाहीत, चांगलं म्हणायचे नाहीत, फक्त "भर" म्हणायचे. पोळी मऊ होती. मी संपूर्ण खाल्ली, तरी थोडा वेळ बसून राहिले.

मग हिराबाईला म्हटलं, "कोठी पूस. भरू या."