मी बनवून दिलेला राउटर

मंगळवार, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. मित्रांनो, चार महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज लिहितोय ते लाज वाटते म्हणून.

चिखलीत शकीलभाईंचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. त्यांना दुकानातला साधा राउटर घ्यायचा होता. "ते खेळणं आहे," असं म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून राउटर बनवून दिला.

आज कपाशीवरच्या बोंडअळीच्या नुकसानीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस. सकाळी लाइट जाऊन आली आणि माझा राउटर सुरूच होईना, त्यामुळे केंद्राचं इंटरनेट बंद. मी बुलढाण्याला कोर्टात, फोन बंद. पोचायला चार वाजले.

कीबोर्ड जोडला, एक बटन दाबलं, सगळं चालू झालं. त्या मशीनची आतली बॅटरी संपली आहे, त्यामुळे लाइट गेली की ती थांबून ते बटन मागते. मला हे माहीत होतं.

शकीलभाई म्हणाले, "काऊन सर, एवढंसं बटन मले दाबता आलं नसतं काय?"

तोवर सकाळपासून अर्जासाठी थांबलेल्या शेतकरी सुमनबाई त्यांच्या गावच्या एकमेव बसने परत गेल्या होत्या, अर्ज न भरता, शकीलभाईंना शिव्या देत.

साधा राउटर मी लगेच आणून बसवला. पण बटनाचं सांगायचं मी विसरलो, की माझ्यावाचून अडावं असं मला वाटत होतं? तुम्ही कधी असं केलंय?

उद्या: सुमनबाईंच्या घरी जाऊन चूक माझी होती हे सांगणे.