‘वार सांगा’ म्हणणाऱ्या वकीलबाई

मनू, माझी धाकटी बहीण, सहा वर्षांची असताना आमच्या घरात माणसांची वाटणी झाली. वडील कुरिअरची गाडी चालवायचे, आई मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये आया होती, आणि दोघांचं पटेना झालं होतं. पटेना म्हणजे हात उचलण्यापर्यंत. आमच्या कोकणातल्या गावाचं मुंबईत मंडळ आहे. भजन, सत्यनारायण, लग्न जमवणं आणि मोडणं, सगळं तिथेच. एका रविवारी भांडुपला मंडळाच्या खोलीत बैठक बसली, चहा झाला, आणि स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहिली गेली. मोठी मुलगी आईकडे, धाकटी बापाकडे, पुन्हा कुणी कुणाच्या वाटेला जायचं नाही. आईने सही केली. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. सही केली म्हणजे मुलगी गेली, असंच ती धरून चालली. पुढे दोन वर्षं मनू बोरिवलीला आत्याकडे वाढली. आम्हाला ती वर्षातून एकदाच दिसायची, मंडळाच्या पूजेला. आई तेव्हाही लांब उभी राहायची, कारण कागदावर तसं लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात ॲडव्होकेट नलिनी गवाणकर गेल्या. आईचा फोन मला ऑफिसात आला. “मॅडम गेल्या गो,” एवढंच म्हणाली, आणि मागे पेशंटची बेल वाजली म्हणून तिने फोन ठेवला. मी रडले नाही. मॅडमना रडणं फारसं सोसायचं नाही. समोरचं माणूस रडायला लागलं की त्या पाण्याची बाटली पुढे सरकवायच्या आणि त्याचं होईपर्यंत दुसरी फाईल वाचत बसायच्या. तेव्हा मला तो कोरडेपणा वाटायचा. आता वाटतं, त्या वेळ देत होत्या.

मी अकरावीत होते तेव्हा कळलं, की वडील मनूची शाळा सोडवून तिला कायमची गावी आजीकडे ठेवणार आहेत. आईच्या कामावरच्या एका सिस्टरने सांगितलं, की बायकांना सरकारतर्फे मोफत वकील मिळतो, अर्ज कर. अर्ज मी भरला. ज्यांचं नाव मिळालं त्या या गवाणकर मॅडम. ऑफिस घाटकोपरला, शिलाईच्या दुकानावर. खाली मशीन सुरू झाली की वर टेबल थरथरायचं. आईने खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं, “फुकट काम नको करू तुम्ही, आम्ही भीक मागत नाय.” मॅडम म्हणाल्या, “फुकट कोण करतंय? मला सरकार देतं. कधी देतं ते तेवढं विचारू नका. बसा.” मग त्यांनी तो स्टॅम्पपेपर वाचला, उलटा करून पाहिला. “अक्षर सुंदर आहे हो. कुणाचं?” आई म्हणाली, सेक्रेटरींचं. “त्यांना सांगा, घटस्फोट कोर्ट देतं, मंडळ नाही. आणि मुलगी काय फ्रिज आहे, वाटणीत द्यायला? तुम्ही अजून तिची आईच आहात. या कागदाने त्यात काही फरक पडलेला नाही.” दोन वर्षांत आईला हे कुणीच सांगितलं नव्हतं. बाटली पुढे सरकली.

पुढच्या खेपेला त्यांनी मला लिहायला बसवलं. आई सांगणार, मी लिहिणार. आई म्हणाली, “तो नेहमी मारायचा.” मॅडम म्हणाल्या, “नेहमी म्हणजे कधी? वार सांगा.” आई वैतागली. मार खाताना कॅलेंडर कोण बघतं? पण मॅडम हटेनात. “घरात काय शिजलं होतं ते तरी आठवतंय?” आणि आईला आठवायला लागलं. बांगड्याचं तिखलं होतं, म्हणजे बुधवार, आणि त्याच्या पुढच्याच बुधवारी दिवाळीची पहिली आंघोळ होती. वाटाण्याची उसळ होती, म्हणजे श्रावणातला सोमवार. मासे खायचे वार आणि पाळायचे वार आमच्या घरात कधी चुकले नव्हते. तेवढ्या जोरावर दुपारभरात नऊ प्रसंग वारांसकट कागदावर आले. एका ठिकाणी मी आपलं ‘निर्दयी बाप’ असं लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं. “हा शब्द माझ्या कामाचा नाही. बुधवार कामाचा आहे.”

मग आई म्हणाली, वेगळं होण्याआधी मनूला टायफॉइड झाला तेव्हा तो हॉस्पिटलात फिरकलासुद्धा नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “आले होते. शुक्रवारी. शहाळं घेऊन.” आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पेन खाली ठेवलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “उचल पेन. हे पण लिही.”

“तुम्ही त्याच्या वकील की माझ्या?” आई कडाडली.

“तुमचीच. म्हणून तर लिहायला सांगते. हे आपण लपवलं आणि उद्या त्याने सांगितलं, तर तुमचे नऊच्या नऊ प्रसंग खोटे ठरतील. मुलगी हवीय ना?”

आई घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण तो अर्ज तसाच दाखल झाला. पहिल्या काही तारखांतच तात्पुरता आदेश मिळाला, की कोर्टाच्या परवानगीशिवाय मनूला मुंबईबाहेर न्यायचं नाही. मग दर शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट. पहिल्या शनिवारी मनू आईला ‘तुम्ही’ म्हणाली... आईने तिचे केस विंचरायला घेतले, तिसऱ्या शनिवारी ‘तू’ झालं. समुपदेशनात आमचा अर्ज वाचला जात असताना वडील प्रत्येक वाराला मान हलवून नाही नाही म्हणत होते. शहाळ्याचं वाक्य आलं आणि ते थांबले. “हे पण लिहिलंय?” त्यांनी विचारलं. त्यानंतर ते भांडले, पण खोटं काही बोलले नाहीत. त्या बैठकीतच तडजोडीची सुरुवात झाली असं मला वाटतं. मॅडमना मी तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, “तुला वाटतं ते पुरावा नाही गं.”

पुढे मी बीकॉम झाले. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी पहिली मी, आणि हे मी चारचौघांत सांगते. मॅडमकडे पेढे घेऊन गेले, तर त्यांनी मार्कशीट मागितली, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि मगच पेढा तोंडात टाकला. अभिनंदन वगैरे म्हणाल्या नाहीत. पण नंतर आलेल्या एका बाईला म्हणाल्या, “ही ग्रॅज्युएट आहे, हिच्याकडून फॉर्म भरून घे.” त्यानंतर दोन वर्षं माझे बरेच शनिवार त्या टेबलाशी गेले. कुणाची पोटगी, कुणाचं वारसपत्र, कुणाला सासरच्यांनी घराबाहेर काढलेलं. सगळ्या बायका येताना ‘नेहमी’ घेऊन यायच्या आणि जाताना वार घेऊन जायच्या.

आमची केस तीन वर्षं चालली आणि मी कॉलेजात असतानाच संपली. शेवटी आई-वडिलांचा घटस्फोट दोघांच्या संमतीने झाला, मनूचा ताबा आईला मिळाला, आणि वडिलांना दर रविवारची भेट ठरली. मनू अकरा वर्षांची असताना घरी आली. आज ती बारावीला आहे, मुलुंडला आमच्याकडे राहते, आणि रविवारी वडिलांना भेटायला जाते.