दाराजवळच्या पाट्या

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मोठे गुरुजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तरी मी बोलणार आहे, कारण जिवंतपणी त्यांना कुणी काही बोललं नाही आणि मीही बोलले ती फार उशिरा.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. औंढ्याहून आत, एस.टी.तून उतरल्यावर तासभर चालत जावं लागायचं असं गाव. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोनच. एक मोठे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, आणि दुसरी मी, एकोणीस वर्षांची, ट्रेनिंग संपवून नुकतीच आलेली. गुरुजींनी पहिल्याच दिवशी पहिलीचा वर्ग माझ्या हवाली केला. म्हणाले, "बाईमाणूस आहात, बारकी लेकरं तुम्हीच सांभाळा." तोवर पहिली त्यांच्याकडं होती.

वर्गात दाराजवळ एक ओळ वेगळी बसायची. बौद्धवाड्यातली पाच लेकरं, आपापली पोती घरून आणून. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे हे आम्ही मधल्या भिंतीपलीकडं चौथीच्या पुस्तकातून शिकवत होतो, आणि त्याच भिंतीच्या अलीकडं ही ओळ होती. मी काय केलं? महिनाभर काहीच नाही. नव्या सुनेनं सासरची रीत मोडू नये तशी गप्प राहिले. याचा राग मला आजही स्वतःचा येतो, तो आधी सांगून टाकते, म्हणजे मी फार शहाणी होते असं कुणाला वाटायला नको.

मी शिकवायची ते शब्द. मुळाक्षरं चालायचीच, पण वर्षभर 'ज्ञ ज्ञानेश्वराचा' घोकून पोराला स्वतःच्या घराचं 'घर' लिहिता येत नसेल तर काय करायचंय ते घोकून? मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू कापल्या आणि रोज तोंडात येणारे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले. आई, पाणी, घर, भाकर, मीठ, शेत, बैल, वाट, हात, दार. एकेक शब्द आठवडाभर भिंतीवर राहायचा. लेकरं येता जाता वाचायची, पाटीवर लिहायची, मग मी एकेकाचा हात धरून गिरवून घ्यायची.

दाराजवळच्या ओळीचा हात मात्र कुणीच धरलेला नव्हता. त्यांनी लिहून झालं की पाटी छातीशी उभी धरून लांबून दाखवायची, अशी गुरुजींनी लावलेली शिस्त. मीही लांबूनच बघत होते. पाचही पाट्यांवर नुसता गिचमिडकाला दिसायचा, अक्षराला अक्षर म्हणावं असं काही नाही. पाचही जण आधी गुरुजींच्या हाताखाली नापास झालेले, त्यात एक पोरगी आठ वर्षांची. दोनदा नापास होऊन पहिलीत तिचं हे तिसरं वर्ष. गुरुजी म्हणायचे, "त्यांच्यापायी डोकं फोडू नका बाई. पालथ्या घड्यावर पाणी आहे."

एक दिवस त्या पोरीची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पायरीवर चढली नाही. मला म्हणाली, "बाई, अवंदा हिला वर घालता का न्हाई तेवढं सांगा. न्हाई म्हनलं तर माझ्या बहिणीकडं धाडते, तिचं लेकरू सांभाळाया. दोन वर्सं झाली, बसून राहिली नुसती. आमाला बी परवडत न्हाई."

मी म्हटलं, बघते. आणि त्या दिवशी पहिल्यांदा खरंच बघितलं. पोरीच्या पोत्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिची पाटी हातात घेतली. पोरगी दचकून मागं सरकली. पाटी घेताना ती माझ्या हातात अर्धी फिरली आणि मी बघतच राहिले. पाटीवर 'पाणी' लिहिलेलं होतं. काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी. पोरीनं अख्खा शब्द खाली डोकं वर पाय असा लिहिला होता, आणि तसा तो अगदी बरोबर होता.

बाकी चौघांच्या पाट्या फिरवून बघितल्या. तेच. मी पोरीला विचारलं, "तुला असं लिहायला कुणी शिकवलं गं?"

"गुर्जींनी."

"कसं?"

तिनं दाराजवळच्या मातीकडं बोट केलं. गुरुजी समोर उभे राहायचे, छडीच्या टोकानं मातीत शब्द काढायचे आणि म्हणायचे, गिरव. ते त्यांच्या बाजूनं लिहायचे. पोरगी समोरच्या बाजूला बसलेली, तिला तो उलटाच दिसायचा. तिनं जसा दिसला तसा उचलला. इमानानं उचलला, आणि आता भिंतीवरचा शब्दही सवयीनं तसाच फिरवून पाटीवर उतरवत होती. दोन वर्षं ती पोरगी गुरुजींनी दाखवलं तेच बरोबर लिहीत होती आणि दोन वर्षं तिला ठोंबी ठरवून खाली ठेवत होते. एकदा, फक्त एकदा, कुणी तिची पाटी हातात घेतली असती तर कळलं असतं. पण पाटी हातात घ्यायचीच नव्हती ना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दिवशी मी ती ओळ मोडली. पाचही जणांना बाकीच्यांत मिसळून बसवलं. गावातले दोन बाप येऊन कुरकुरले, त्यांना म्हटलं, तक्रार करायची तर हिंगोलीला जाऊन करा, मी पण येते सोबत. गेलं कुणीच नाही. मग मी एकेकाच्या शेजारी, त्याच्याच बाजूनं बसून हात धरून शिकवायला लागले. उलटं मुरलेलं सुलटं करायला कोरं शिकवण्याच्या दुप्पट तकलीफ होते. पोरीचा हात सवयीनं उजवीकडून सुरू व्हायचा, मी तो धरून डावीकडं आणायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेतांत हळद निघायला लागली तेव्हा तिला दहाही शब्द न बघता यायला लागले होते.

परीक्षा मोठे गुरुजी घेणार होते. त्या दिवशी ते येताच पाचही जण आपणहून पोती उचलून दाराजवळ जाऊन बसले. मी काही म्हणायच्या आत गुरुजींनी शब्द सांगायला सुरुवात केली. दहा शब्द झाल्यावर रीतीप्रमाणं लेकरांनी पाट्या जागेवरच जमिनीवर ठेवल्या आणि बाहेर गेली. गुरुजी ओळींच्या समोरून चालत निघाले. प्रत्येक पाटी उचलायची, बघायची, खडूनं खूण करायची. दाराजवळ आले आणि वाकलेसुद्धा नाहीत. समोर उभं राहून खाली नजर टाकली आणि मला म्हणाले, "बघा, अजून उलटंच. मी म्हनलं नव्हतं का?"

समोरून बघितल्यावर जमिनीवरची कुठलीही पाटी उलटीच दिसणार. हे शेंबड्या पोरालाही कळतं. गुरुजी काही अडाणी नव्हते. त्यांचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून त्यांना बघायची गरजच वाटली नाही.

मी म्हटलं, "गुरुजी, पाटी उचला."

"राहू द्या."

"मग इकडून, त्यांच्या बाजूनं येऊन बघा." इकडून यायचं तर त्या पोत्यांवर पाय द्यावा लागणार होता. ते जागचे हलले नाहीत. मी पोरीची पाटी उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. ते एक पाऊल मागं सरले, पण वाचावं तर लागलंच. दहाच्या दहा शब्द बरोबर होते.

"तुम्हीच लिहून दिलं असंल," ते म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा. मी पोरीला आत बोलावलं आणि फळ्यावर लिहायला लावलं. फळा लांबून वाचायला गुरुजींना कशाला शिवायचा प्रश्नच नव्हता. तिनं टाचा उंचावून दहा शब्द लिहिले आणि हात परकराला पुसला. बाकी चौघांनाही एकेक करून लिहायला लावलं. गुरुजी खिडकीतून बाहेर बघत होते. मी सांगितलं, ही पाचही नापास असतील तर निकालावर माझी सही होणार नाही, आणि का होणार नाही ते मी पंचायत समितीत लिहून कळवीन. तेव्हा ते म्हणाले, "घाला वर. तुमच्या खातर करून राहिलो."

माझ्या खातर! त्या लेकरांनी मिळवलेलं त्यांना द्यायचं आणि वरून मेहेरबानी दाखवायची.

संध्याकाळी मी बौद्धवाड्यात गेले. पोरीची आई नुकतीच हळदीच्या कामावरून आली होती, हाताची बोटं पिवळी धम्मक. मी म्हटलं, तुमची पोरगी पास झाली, आणि कुणाच्या उपकारानं नाही. मग सगळं सांगितलं. मातीत काढलेले शब्द, उलटे दिसणारे, दोन वर्षं फुकट गेलेली, सगळं. मला वाटलं होतं बाई खूश होईल, नाहीतर गुरुजींच्या नावानं शिव्या तरी देईल.

तिनं पोरीला जवळ ओढलं. मग विचारलं, "म्हंजे हिच्याआधी बी गुर्जी असंच शिकवायचे?"

"तसंच शिकवत असतील."

"हिच्या थोरलीला तीन वर्सं पहिलीत ठिवलं होतं. मंग आमी काढून लगीन करून दिलं." ती खाली बसली. "पाटी घेऊन यायची माझ्याकडं. बघ ना माय, बराबर हाय का म्हनायची. मला कुठं वाचता येतंय? गुर्जी न्हाई म्हनत्यात तर न्हाईच असंल, असं वाटायचं. म्या मारलं वो बाई तिला. लई मारलं."