उजव्या कानाला दोन खाचा

घर सोडताना माणूस चालू लागतो आणि घर मागं उभं राहतं, असा सगळीकडचा रिवाज. माझ्या बाबतीत उलटं झालं. मी पलूसच्या एका बांधावर पत्र्याची ट्रंक घेऊन उभा राहिलो आणि माझं घर चालत चालत पूर्वेला निघून गेलं.

हे नीट सांगितलं पाहिजे. आम्ही आटपाडीकडचे मेंढपाळ. गावात आमची दगडाची एक खोली होती, पण पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तिला कुलूपच असे. दसरा झाला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या गावांकडं निघायचं आणि जेठात परत फिरायचं. या चालत्या संसाराला आमच्यात वाडा म्हणतात. चौकाचा आणि माडीचा वाडा निराळा. आमचा म्हणजे शंभरावर मेंढरं, बिऱ्हाड लादलेलं एक घोडं, दोन कुत्री, मुक्कामाला मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी, आणि माणसं चार: आबा, आई, थोरला म्हाकूदादा आणि मी. मुक्काम रोज नवा असे. तरीही आपण घरी आहोत याविषयी मला कधी शंका आली नाही.

पलूसचे अण्णा उसाचे बागायतदार. त्यांच्या रानात दर साली आमची मेंढरं बसत. रानाला खत मिळे, आम्हाला धान्य मिळे. दहा वर्षांचा असताना माझा पाय मोडला आणि वाडा तर पुढं जायचा होता. अण्णा म्हणाले, पोरगं राहू दे इथं. बसून बसून काय करणार, म्हणून त्यांनी मला शाळेत घातलं. पाय दीड महिन्यात बरा झाला, शाळा मात्र सुटली नाही. वाडा कृष्णाकाठी असे तोवर मी अण्णांकडं राहायचो आणि सुटीच्या दिवशी वाडा असेल तिथं चालत जायचो. असं करत सातवीची फायनल परीक्षा पास झालो. साताऱ्याच्या मास्तरांच्या ट्रेनिंगला नंबर लागला. लढाई चालू होती, शिकलेली पोरं पलटणीत जात होती, त्यामुळं मास्तरांचा तुटवडा असावा. नाहीतर माझा नंबर कुठला लागायला.

निघायच्या दिवशी सकाळी आबांनी मला मेंढरांत नेलं. आमच्यात पोराचं जावळ काढताना मामा एक मेंढी देतो. ती त्या पोराची. तिच्या पोटी होईल ती पैदासही त्याचीच, आणि ओळखू यावी म्हणून प्रत्येकाची कानाला वेगळी खूण. माझी खूण उजव्या कानाला दोन खाचा. मामाच्या मेंढीच्या वेलातल्या दोनच मेंढ्या तेव्हा उरल्या होत्या. आबांनी दोघींचे कान माझ्या हातात दिले. म्हणाले, "बगून घे. तू कुटंबी आस, ह्या हिथं हायती. म्हंजे तूबी हिथंच हाईस."

एवढंच. मग घोडं लादलं, आईनं लादलेल्या बिऱ्हाडावर कोंबड्या बांधल्या, दादानं हाळी दिली आणि वाडा निघाला. आईनं चारदा मागं वळून बघितलं. मला वाटलं होतं मी रडेन. पण धूळ इतकी उडाली की नाक शिंकरण्यातच वेळ गेला.

साताऱ्याचं बोर्डिंग चांगलं होतं, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. लोखंडी कॉट होती, डाळ पातळ पण गरम होती. पहिले पंधरा दिवस मला चार भिंतींत झोप येईना, म्हणून मी दाराशी घोंगडं टाकायचो, आणि येणारा जाणारा ठेचकाळून माझ्या कुळाचा उद्धार करायचा. मला नवल वाटायचं ते घंटेचं. उठायला घंटा, जेवायला घंटा, भूक लागली नसली तरी घंटा. फळ्यावर टाईमटेबल आणि भिंतीवर कॅलेंडर. आमच्या वाड्यात कुणी तारीख विचारली तर आबा आभाळाकडं बघायचे. दोनच महिन्यांत मी इतका सुधारलो की तारीख न सांगता बोलणारा माणूस मला गावंढळ वाटू लागला.

या सुधारणेच्या भरात मी दिवाळीआधी अण्णांना कार्ड टाकलं. आबांना वाचून दाखवा, मी धनत्रयोदशीला दुपारच्या गाडीनं येतो, वाडा तिथंच थांबवा. थांबवा असं लिहिताना मला काहीच वाटलं नाही. माणसानं माणसासाठी थांबावं, त्यात काय?

आता इथं चूक काय झाली ते ज्यानं मेंढरं राखली नाहीत त्याला सहजी कळायचं नाही. वाडा तारखेवर चालत नाही, चाऱ्यावर चालतो. रान चरून संपलं की त्याच दिवशी उठावं लागतं. हे मला अक्षर ओळखायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण कार्ड मी लिहिलं ते ट्रेनिंगच्या पोरानं लिहिलं, मेंढपाळाच्या पोरानं नव्हे.

त्यातून मी वेळेवर गेलोच नाही. वर्गावर घ्यायच्या नमुन्याच्या पाठात मी नापास झालो. सुपरिंटेंडंट म्हणाले, पाठ पुन्हा देऊन मगच सुटीवर जायचं. त्यात तीन दिवस गेले. दुसरं कार्ड टाकावं असं मनात आलं, पण ते माझ्याआधी पोचणार नाही म्हणून टाकलं नाही. पाडव्याच्या दिवशी गाडीतून उतरलो. फलाटावर कुणी नव्हतं. ट्रंक खांद्यावर घेऊन मी पलूसच्या वाटेला लागलो आणि वाटभर फुगत गेलो. पोरगं सहा महिन्यांनी येतंय आणि एकाला न्यायला येता येऊ नये?

वाडा अण्णांच्या शेजारच्या रानात होता. दादा गुडघ्यावर बसून एका मेंढीच्या तोंडात तांब्यानं काहीतरी ओतत होता. गुळाचा वास येत होता. मी ट्रंक खाली ठेवली आणि पहिलं वाक्य बोललो ते आजही आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

"ठेसनावर कुनी आलं न्हाई?"

दादानं वर बघितलं. "आबा तीन दिस ठेसनावरच हुता. दर गाडीला. तू न्हाई आलास."

मग त्यानं हातानं बांधाकडं दाखवलं. तिथं सात मेंढरं ओळीनं पडलेली होती, पोटं फुगलेली.

झालं होतं ते असं. अण्णांचं भुईमूग काढलेलं रान दोन दिवसांत चरून संपलं. वाडा उठायला हवा होता. आबा म्हणाले, पोरानं तारीख दिलीय, थांबायचं. ते रोज सकाळी पटका बांधून स्टेशनवर जाऊन बसत. आयुष्यात गाडीत न बसलेला माणूस, कोणत्या डब्यातून मी उतरेन ते कळेना म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत फलाटावर धावायचा, हे मला पुढं अण्णांच्या बायकोनं सांगितलं. इकडं मेंढरांमागं दादा एकटा. भुकेली मेंढरं शेजारच्या रानात घुसली. तिथं कापलेल्या कडवळाच्या बुडख्यांना नवा कोवळा फुटवा आला होता. ज्वारीचा तसा फुटवा मेंढराला विष असतो, हे आमच्याकडं चालू लागलेल्या मुलालाही ठाऊक. माणसं दोन असती तर एकानं वळवली असती. अण्णांच्या घरून गुळाच्या ढेपा आल्या, गुळाचं पाणी पाजून बाकीची वाचवली. त्या दिवशी सकाळचीच गोष्ट, आबा स्टेशनच्या वाटेवर असतानाची; बोलावणं गेलं तसे ते अर्ध्या वाटेतून परतले. म्हणून चौथ्या दिवशी फलाटावर कोणी नव्हतं.

मी बांधाकडं गेलो. सातांतल्या दोघींच्या उजव्या कानाला दोन खाचा होत्या.

दादा माझ्या पाठीमागून म्हणाला, "आमी मेंढरं गवतावर चालवतू, तारखंवर न्हाई. तुज्या तारखंनं खाल्ली ही. आता वाड्यात तुजं काय न्हाई ऱ्हायलं."

आबा पलीकडं खड्डा खणत होते. त्यांनी ऐकलं असणार. कुदळ टाकून आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला माती होती. "त्यो दमलाय, त्येच्या बोलन्याकडं बगू नगंस. भाकरी खाऊन घे आदी," म्हणाले. मी पाठात नापास झालो म्हणून उशीर झाला, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. बोर्डिंगात काम होतं, एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वाडा उठला. दोन दिवस मी बरोबर चाललो. दादा माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण तो खरं बोलला होता. मेंढरांच्या मागं चालताना मी सवयीनं उजवे कान बघायचो आणि मला लाज वाटायची. शंभर कानांत माझा एकही नव्हता. ज्याचं मेंढरू नाही तो वाड्यात पाहुणा. तिसऱ्या दिवशी अभ्यासाचं निमित्त सांगून मी साताऱ्याला परतलो. आई म्हणाली, "कारट टाकत जा रं." मी हो म्हणालो आणि टाकलं नाही.

वर्षभर टाकलं नाही. उन्हाळ्याच्या सुटीत बोर्डिंगातच राहिलो, एका वकिलांच्या मुलांना गणित शिकवलं. अण्णांची दोन कार्डं आली. आबा विचारतात, मुलगा खुशाल आहे ना? दुसऱ्यात होतं, म्हाकू काही सांगायचं म्हणतो, समक्षच सांगेन म्हणतो. मला वाटलं, आता उरलंसुरलं तोंडावर ऐकवायचं असेल. उत्तर लिहायला बसलो की कार्डाच्या कोपऱ्यात वरती तारीख घालावी लागे आणि तिथंच हात थांबे. तुमच्यापैकी जे घरातून माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे कळेल. भांडण झालं म्हणून माणूस तुटत नाही. आपली चूक आहे आणि कुणी ती काढत नाही, तिथं जाणं जड होतं.

पुढच्या दिवाळीला पाठ नीट गेला. सुटी लागली. दोन दिवस मी रिकाम्या बोर्डिंगात काढले आणि तिसऱ्या दिवशी, कुणाला न कळवता, गाडीत बसलो. अण्णांच्या रानात वाडा नव्हता. अण्णा हरभऱ्याच्या पेरणीच्या घाईत होते. म्हणाले, "आठ दिस झालं. नदीपल्याड गेली मेंढरं. तुज्या बापानं वाट बगितली, पर चारा न्हवता."

मला फार बरं वाटलं. ते थांबले नव्हते.

नावेनं कृष्णा उतरलो आणि विचारत चाललो. मोट हाकणाऱ्याला विचारलं, उसाला पाणी पाजणाऱ्याला विचारलं. कुणी म्हणालं, परवा हितनं गेली. कुणी लेंड्या दाखवल्या. त्या मी हातात घेऊन फोडून बघितल्या, किती वाळल्यात ते बघून किती पुढं गेलेत ते ओळखलं. ट्रेनिंगच्या पोराला हे अजून येतं, याचा मला थोडा गर्वही झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओढ्याकाठी आमची कुत्री भुंकली.

दादानं मला आधी बघितलं. तो वळला. मेंढरांत शिरला, एक अंगात भरलेली पाठ, म्हणजे तरणी मेंढी, धरली आणि ओढत माझ्यासमोर आणली. तिचा उजवा कान धरून त्यानं माझ्याकडं केला. त्याला दोन खाचा होत्या, भरून आलेल्या, जुन्या.

मी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "म्या न्हाई केलं. त्येनं केलं. त्येच्या मेंढीचं कोकरू हाय. गेल्या साली तू साताऱ्याला गेलास, त्येच्या चवथ्या दिवशी."

दादा तिच्या अंगावरचे गोखरू काढू लागला. "वाड्यात तुजं एकबी मेंढरू न्हाई, आसं कसं चालंल?" म्हणाला. "कुनी इचारलं तर काय सांगायचं?" मग म्हणाला, "अण्णास्नी सांगितलं हुतं लिवायला. तू काय आला न्हाईस."

मी त्या ओढ्याकाठी रडलो. या वेळी धूळ नव्हती. आईनं मला रडू दिलं आणि मग चुलीवर भाकरी टाकली. पाठात नापास झालो होतो, म्हणून उशीर झाला होता, हे मी तिथं सांगितलं. आबांना नापास म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. "म्हंजे शिकवायलाबी आदी शिकावं लागतं व्हय?" म्हणाले, आणि दादा त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

निघताना आबांनी मला एकच गोष्ट बजावली. "तारीक लिहू नगंस. सवड झाली की ये. इचारत इचारत ये."

मी आता साताऱ्यात मास्तर आहे. भाड्याच्या दोन खोल्या आहेत, कॉट आहे, आणि मी तिच्यावर झोपतो. घंटा मीच वाजवतो. या साली मला मुलगी झाली. तिच्या बारशाला घरून कुणी आलं नाही, वाडा लांब होता. महिन्याभरानं घोंगड्या विकणारा एक माणूस शाळेच्या दारात आला आणि म्हणाला, म्हाकूनं निरोप दिलाय, पोरीच्या नावाचं कोकरू ठेवलंय. तिच्या मामानं द्यायचं ते चुलत्यानंच दिलं. खूण कुठली, मी विचारलं. तो म्हणाला, बापाचीच, फक्त डाव्या कानाला.

नोकरीच्या कागदावर कायमचा पत्ता लिहायचा रकाना असतो. तिथं मी आटपाडी लिहितो, कारण सरकारला काहीतरी लिहून द्यावं लागतं. खरा पत्ता मला ठाऊक नाही. दिवाळीच्या सुटीत पलूसकडं उतरतो आणि पहिला माणूस भेटेल त्याला विचारतो, आमचा वाडा कुठवर आलाय? येत्या दिवाळीला पोरीला घेऊन जाणार आहे. घर कुठं आहे हे मला दर साली कुणाला तरी विचारावं लागतं. पण आजवर कुणी माहीत नाही असं म्हटलेलं नाही.