घोड्याचा जबाब

पेन्शन घेऊन इतकी वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं विसरलोही. पण एका घोड्याचं रक्ताळलेलं तोंड आणि त्याच्यापुढे हात पुढे करून उभा असलेला एक म्हातारा मोतद्दार, हे काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. मी कोल्हापुरात फौजदार होतो. वय तिशीच्या आतलं, अंगात रग, आणि माणूस नुसता बघितला की तो खरा की खोटा हे आपल्याला कळतं, असा भलता समज. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. त्यांची नातवंडं गावात आहेत आणि रस्त्यात भेटली की रामराम करतात.

एका सकाळी एका सरदारांचे कारभारी धापा टाकत ठाण्यात आले. सरदारांचा धाकटा मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा, मैदानात घोडा फिरवत होता. घोडा एकाएकी दोन पायांवर उभा राहिला आणि मुलाला घेऊन मागे कोसळला. मुलाची मांडी मोडली होती, डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. कारभाऱ्यांची फिर्याद सरळ होती: मोतद्दाराने मुद्दाम घोड्याच्या तोंडात काटेरी कडियाळं घातलं. कडियाळं म्हणजे लगामातला तोंडात जाणारा लोखंडी भाग. ते साधं असतं तेव्हा गुळगुळीत असतं. काटेरी असलं की त्याला बारीक दाते असतात आणि लगाम ओढला की ते जिभेत आणि हिरड्यांत रुततात.

मोतद्दार त्या घरी तीस वर्षं घोड्यांची निगा राखत होता. जातीचा मुसलमान, दाढी पांढरी, पाठीत थोडा वाकलेला. दोनच दिवस आधी सरदारांनी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या, कारण "घोडा अजून कच्चा हाय, महिनाभर गर्दीत काढू नगा" असं तो धाकट्या सरकारांना तोंडावर बोलला होता. म्हणजे राग होता, संधी होती आणि हत्यारही होतं. मला आणखी काय हवं होतं?

आम्ही वाड्यावर गेलो, लगाम ताब्यात घेतला, पंचनामा केला. माझा हवालदार लिहिण्याचा भारी चिवट. लगामाच्या कुठल्या पट्ट्याचं बक्कल कितव्या भोकात अडकवलंय हेसुद्धा त्याने लिहून काढलं. मी त्याच्यावर खेकसलो, "अरे, भोकं काय मोजत बसलायस? शिंपी आहेस का तू?" तो म्हणाला, "साहेब, जसं हाय तसं लिवतोय की." मी हात झटकला. लगामाला सील केलं आणि मोतद्दाराला ठाण्यावर आणलं.

दुसऱ्या दिवशी आमचा एक खबऱ्या आला. गवताचे भारे विकायचा, त्यामुळे गावातल्या सगळ्या पागांत त्याचं जाणं-येणं. त्याने सांगितलं, "साहेब, घोडा उधळायच्या आदल्या दिशी मोतद्दार जीनगराच्या दुकानात बसलावता. तासभर कानस चालली हुती लोखंडावर. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." जीनगर म्हणजे खोगीर-लगाम करणारा कारागीर. कानस चालली म्हणजे दातेच काढले असणार! मी मांडीवर थाप मारली. गुन्हा शाबीत झाल्यासारखाच होता. मुलगा दगावला असता तर म्हाताऱ्याला फास किंवा काळं पाणी, आणि जगला तरी उरलेलं आयुष्य तुरुंगात. त्या वेळी त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही, हे कबूल करतो.

दोन दिवस मी त्याला घोळात घेतला. गोड बोललो, ओरडलो, टेबलावर मुठी आपटल्या.

"लगाम तू चढवलास की नाही?"

"रोज मीच चढवतो, साहेब."

"मग त्या दिवशी?"

गप्प.

"आदल्या दिवशी जीनगराकडे गेला होतास?"

"गेलतो की."

"कशाला?"

"लोखंड घासायला."

"काटेरी करायला?"

त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईला शिवी दिलीय. "ते काम माझ्या हातनं झालं न्हाय," एवढंच म्हणाला.

"मग कुणाच्या हातून झालं?"

त्याने मान खाली घातली. म्हणतो कसा, "घोड्याला इचारा."

माझं टाळकंच सरकलं. "घोड्याचा जबाब कुठल्या कागदावर लिहून घेऊ? आणि अंगठा कुणाचा उमटवू?" शिपाई फिदीफिदी हसले. म्हातारा हसला नाही. त्याने दोन दिवसांत स्वतःसाठी काहीही मागितलं नाही. जेवण पुढे आलं तर आधी विचारायचा, "घोड्यानं खाल्लं का?" आणि एकदा म्हणाला, "कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्याचं तोंड धुवायला सांगा, साहेब. जखमेत कोंडा अडकत असंल." मला वाटलं, बेरकी आहे, नाटक करतोय. पोलिसाला असली नाटकं रोज दिसतात. त्यामुळे खरं समोर आलं तरी ते नाटकच वाटतं.

तिसऱ्या दिवशी जीनगराला बोलावला. त्याच्याकडून कबुली घ्यायची, की कागद पुरे, असा माझा बेत होता. माणूस फटकळ. समोर बसला नाही, उभाच राहिला.

"मोतद्दार आला होता तुझ्याकडे?"

"व्हय. साधं कडियाळं घेऊन. मधला सांधा झिजून धार आलीवती, घोड्याचा ओठ चिमटत हुता. ती धार घासली."

"कशावरून साधं?"

"कशावरून म्हंजे? तीनदा घासलं. दरखेपेला तो स्वतःच्या तोंडात घालायचा, जीभ फिरवायचा आन् म्हनायचा, अजून लागतंय. चौथ्यांदा घासल्यावर म्हनला, आता ठीक हाय. आवं, माझा बाप हाच धंदा करायचा, पर कडियाळं सोताच्या तोंडात घालून बघनारा मोतद्दार मी ह्यो एकच बघितला."

माझ्या हातातली लेखणी थांबली. तरी मी हट्टाने मुद्देमाल मागवला. पंचांसमोर सील फोडून लगाम त्याच्यापुढे टाकला. त्याने तो उचलला, फिरवून पाहिला आणि दोन क्षणांत खाली ठेवला.

"ह्यो लगाम मोतद्दारानं चढवलेला न्हाय."

"तुला काय कळतं?"

"मला न्हाय कळनार तर कुणाला?" तो उसळलाच. मग त्याने मला ओढूनच जवळ घेतलं आणि बोट ठेवून दाखवलं. घोड्याच्या दोन्ही गालांवरून येणारे दोन पट्टे कडियाळ्याला धरून ठेवतात. दोन्ही पट्ट्यांवर तिसऱ्या भोकापाशी खोल घडी पडली होती. वर्षानुवर्षं बक्कल तिथेच बसत आल्याची ती खूण. "आता पंचनाम्यात बघा काय लिवलंय." हवालदाराने वाचून दाखवलं: डावा पट्टा चौथ्या भोकात, उजवा पाचव्या भोकात, टोकं मोकळी सोडलेली. जीनगर म्हणाला, "एका बाजूला वर, एका बाजूला खाली. कडियाळं तोंडात तिरकं. तशात दाते. लगाम ओढल्यावर जनावर हुबं ऱ्हाईल न्हाय तर काय करंल? आन् टोक मोकळं सोडलं की ते डोळ्यावर फटकारतं. मोतद्दार झोपेत सुद्धा टोक आत खोवंल. हे कुनीतरी काढून, घाईघाईनं, सोताच्या कमरंचा पट्टा बांधावा तसं बांधलंय."

हवालदार माझ्याकडे बघत नव्हता, हे त्याचे उपकार. मी त्याला भोकं मोजल्याबद्दल शिंपी म्हटलं होतं.

त्याच सकाळी मोतद्दाराला घेऊन वाड्यावर गेलो. जीनगर एक नवं, साधं कडियाळं घेऊन बरोबर आला. मोतद्दाराला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्याला घोड्याला लगाम चढवायला लावायचा आणि तो कुठलं भोक धरतो हे सरदारांसमोर पाहायचं, असा माझा विचार. सरदार सोप्यावर उभे होते. मुलाला शुद्ध आली होती आणि त्याची खाट पागेसमोरच्याच खोलीत, खिडकीशी होती.

घोडा पागेत आडवातिडवा नाचत होता. तीन दिवस त्याने कुणाला तोंडाजवळ येऊ दिलं नव्हतं. दोन नोकरांना चावला होता. तोंडाच्या कडांना रक्त वाळून काळं पडलं होतं. मोतद्दार त्याच्यापासून चार हातांवर जाऊन नुसता उभा राहिला. तोंडाने काही बोलला नाही. तळहात पुढे केला. घोड्याचे कान पुढे आले. मग त्या जनावराने मान खाली घातली, एकेक पाऊल टाकत आला आणि आपलं फाटलेलं तोंड त्या म्हाताऱ्याच्या ओंजळीत ठेवलं. म्हाताऱ्याने अंगठ्याने ओठ उचलला, घोड्याने तोंड उघडलं. आत जीभ उभी चिरलेली. माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतोय.

मी म्हणालो, "लगाम चढव."

त्याने मान वळवून पाहिलं. "ह्या तोंडात?"

"हो. तुझ्याच भल्याचं आहे. नीट चढवलास तर सुटशील."

"न्हाय चढवनार."

"अरे, मी सांगतोय ना, सुटशील!"

"साहेब, पुना कोठडीत टाका, फासावर द्या. जखमंवर लोखंड मी घालनार न्हाय."

मी त्या माणसाला सुटकेचं दार उघडून देत होतो, आणि तो घोड्याची जीभ दुखेल म्हणून ते लावून घेत होता! एवढा मोठा माणूस मी माझ्या हयातीत पाहिला नव्हता, आणि त्याला मी दोन दिवस ओरडून विचारत होतो की तू खरं का बोलत नाहीस.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. खोल गेलेला, रडवेला. "आबासाहेब, त्यांना सोडा. मी चढवला होता."

मुलाने सगळं सांगितलं. घोड्याने मान कमानीसारखी वाकवून चालावं, मैदानातल्या लोकांनी बघत राहावं, ही हौस. काटेरी कडियाळं त्याने बाहेरगावाहून गुपचूप आणलं होतं. पहाटे मोतद्दार घोड्याला लगाम चढवून नमाजाला गेला, तेवढ्यात याने साधं कडियाळं काढून गवतात लपवलं आणि हे बसवलं. शुद्ध येऊन एक दिवस झाला होता. वडिलांच्या भीतीने तोंड उघडलं नव्हतं. हवालदाराने गवत उपसलं आणि साधं कडियाळं सापडलं.

मी मोतद्दाराला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"घोडा धरला तवाच कळलं. पट्ट्याचं टोक बघितलं की."

"मग दोन दिवस माझं डोकं का खाल्लंस? नाव का नाही घेतलंस?"

"प्वार मरनाच्या दारात हुतं, साहेब. शुद्धीत नसलेल्या मानसावर आळ कसा घिऊ? त्यानं उठून न्हाय म्हनायला नगं का?"

सरदार पायऱ्या उतरून खाली आले. तीस वर्षं ते त्याला "अरे मोतद्दार" म्हणून हाक मारत होते. त्या दिवशी "चाचा" म्हणाले. म्हाताऱ्याने कोमट पाणी तेवढं मागितलं.

कागद पुरे करून, जबाब लिहून मी निघालो तेव्हा तो दरवाज्यापर्यंत मला सोडायला आला. बाहेर माझी घोडी बांधली होती, रोज माझ्याखाली असलेली सरकारी घोडी. तो तिच्यापाशी थांबला. तिच्या हनुवटीखालच्या लगामाच्या साखळीत त्याने दोन बोटं घालून पाहिली, जाईनात. पीळ पडलेली साखळी त्याने उलगडून सपाट केली, दोन कड्या सैल केल्या आणि हनुवटीवरचा चिघळलेला व्रण मला दाखवला.

"आठ-धा दिस झाले आसतील, साहेब. लई सोसलं बिचारीनं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाच्या तोंडून खरं कसं काढायचं याचा मला केवढा गर्व, आणि रोज माझ्या हातातल्या लगामाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय याचा पत्ता नाही. त्या दिवशी मी घोडीवर बसलो नाही. लगाम हातात धरून ठाण्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो.