आत बसायचं राहिलं

दुपारचे तीन वाजलेत. माझ्या चार वर्षांच्या, अजून न बोलणाऱ्या स्वरालीला शेजारी घेऊन थोपटतोय. तिचे डोळे मिटत नाहीत, माझेच मिटतात. पंख्याचा आवाज लांब जातो आणि मोरीतून पाणी ओतल्याचा आवाज येतो.

मोरीत वीणा बसलीय, माझी बायको. पुढ्यात स्वराली. वीणाला डेंग्यूनं जाऊन आठ महिने झालेत, हे मला ठाऊक आहे. तरी मी विचारतो, "आज एवढ्या उशिरा आंघोळ?"

"आंघोळ कुठली? अभ्यास आहे तिचा." ती एक तांब्या ओतते आणि दुसरा तसाच धरून थांबते. "थेरपीच्या ताईंनी सांगितलंय, तिनं खूण करून मागितल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही. पंधरा दिवस लागले. मग मागितलं हो तिनं!"

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

मोरीला भिंत नाही आता. थेरपी केंद्राचा व्हरांडा आहे. मी बाहेर स्कूटरवर मोबाइल बघत बसलोय, दोन वर्षं बसायचो तसाच. काचेपलीकडे वीणा जमिनीवर पालथी पडून पोरीच्या तोंडासमोर तोंड आणून काहीतरी म्हणतेय. मी दार ढकलतो.

"वीणा, ती आता काहीच मागत नाही गं. तू गेल्यापासून एक खूण नाही."

"कुणाजवळ मागेल? कळायचं ते मला एकटीलाच."

खोलीत एसटी स्टँडची गर्दी शिरते. वीणा उठून चालू लागते. वळून पोरीला शिकवायची तशी खूण करते, दोन बोटं हनुवटीला लावते. मला कळत नाही. ती पुन्हा लावते.

"तोंडानं सांग ना!" मी ओरडतो.

तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही. मी धावत जाऊन तिचा पदर पकडतो. गच्च धरून ठेवतो.

जाग येते. माझ्या मुठीत स्वरालीच्या फ्रॉकचा घोळ आहे. ती पलंगाशेजारी फरशीवर उभी, अंग मागं ताणून. पायांवरून ओघळ गेलेत, फरशी ओली आहे. तिला शूला जायचं होतं. किती वेळ ओढत होती कोण जाणे. तिनं आवाज केला नाही, रडलीसुद्धा नाही.

मी मूठ उघडतो. फ्रॉक शिवणीतून वीतभर उसवलाय.