ऐकायची कळ

“तू रडू नोको रे भाऊ. मी आहो ना.”

वाक्य माझं. बोलले मॅनेजरसाहेब. कचेरीच्या मधोमध उभे राहून, बायकी आवाज काढून, माझी बोली नाकातून ओढत. “बाईले माह्यापाशी आणून सोड. तिले ठेवतो मी.” सगळे कारकून हसले. सगळ्यात मोठ्यानं देशमुखबाबू हसले. टेबलावर हात आपटून.

मी दारात उभी होते. सही करायला आलेले. सही केली आणि परत बोर्डावर जाऊन बसले. दिवा लागला, दोरी खोचली, फोन जोडून दिला. हात चालत होते. बाकी काहीच चालत नव्हतं.

अकोल्यात रुईच्या गाठी बांधणाऱ्या एका कंपनीत मी टेलिफोनच्या बोर्डावर होते. साठ-एकसष्टचा सुमार असेल. आम्ही वलगावकडचे. बौद्ध झाल्यावर बापानं मला पुढं शिकवायचं ठरवलं ते ठरवलंच. मॅट्रिक झाले. माझा धाकटा भाऊ याच कंपनीच्या अमरावतीच्या शाखेत शिपाई होता. त्याच्याच ओळखीनं मला हे काम लागलं. मी डबा खायला उठले की देशमुखबाबू थोडा वेळ बोर्ड सांभाळत. बसण्याआधी माझा हेडफोन धोतराच्या सोग्यानं पुसत. माझ्यासमोर. मी डबा उघडायची आणि खायची.

त्या दिवशी अमरावतीहून कामाचा फोन आला होता. तो संपल्यावर तिथल्या कारकुनानं भावाला दोन शब्द बोलू दिले. आमच्या मोठ्या बहिणीला, बाईला, सासरच्यांनी हाकलून दिलं होतं. मूल होत नाही म्हणून. भाऊ फोनवर रडायलाच लागला. मी त्याला जे बोलले ते दार लावून, हळू आवाजात बोलले. खोलीत कोणी नव्हतं.

मग साहेबांनी ऐकलं कसं?

संध्याकाळी त्यांनीच केबिनमध्ये बोलावून दाखवलं. टेबलाखाली एक लाकडी पेटी, तिला लावलेला रिसीव्हर. बोर्डावरचं कुठलंही बोलणं त्यात ऐकू येत होतं. साहेब पुण्याकडचे. शांत बोलायचे.

“खाजगी बोललीस म्हणून काढू शकलो असतो. काढलं नाही. तुमच्यातली मुलगी खुर्चीवर बसवली, तेही मीच.” मग म्हणाले, “मला दिवसभर ऐकायला वेळ नसतो. उद्यापासून तू ऐकायचं. देशमुख दुपारी अमरावतीला कोणाशी तरी बोलतो. आपले खरेदीचे भाव बाहेर जातात असा मला संशय आहे. काय बोलतो ते मला येऊन सांगायचं.”

मी जायला वळले.

“तुझा भाऊही आपल्याकडेच आहे,” ते म्हणाले. “लक्षात ठेव.”

बोर्डावर एक कळ होती. ती पुढं ओढली की दोघांचं बोलणं मला ऐकू यायचं, आणि मी बोलले तर त्यांनाही. फोन लागला की नाही एवढं पाहायचं आणि कळ सोडायची, असं मला शिकवलं होतं. मी तेवढंच करत राहिले. रोज संध्याकाळी साहेब विचारत, “काय ऐकलंस?” मी म्हणायची, “काही नाही ऐकलं.” खरं तेच होतं.

देशमुखबाबूंबद्दल मला माया नव्हती. त्यांचं हसणं कानात तसंच होतं. साहेबांना वाटलं असेल, हिला सूड घ्यायला आवडेल. मलाही एकदा वाटून पाहावंसं वाटलं. काहीच वाटलं नाही.

एका दुपारी साहेब स्वतःच बोर्डाच्या खोलीत आले. माझ्या पाठीशी उभे राहिले. देशमुखबाबूंचा फोन सुरू होता.

“ओढ कळ. ऐक. आणि मला सांगत जा.”

मी कळ ओढली. पलीकडून कोणी बाप्या सांगत होता, की आज ती कोणाले ओळखून नाही राहिली, डॉक्टर काई सांगत नाही. देशमुखबाबू नुसते हो, हो म्हणत होते. त्यांचा आवाज कचेरीतला आवाजच नव्हता.

साहेब म्हणाले, “काय म्हणतो?”

मी पुढं वाकले आणि बोर्डात बोलले. “देशमुखबाबू, साहेब मांगं उभे आहेत. तुमचं बोलनं मले ऐकाले लावून राहिले. केबिनातूनबी ऐकतात. आता बोलाचं का नाही ते तुमी पाहा.”

 मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

साहेबांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन ओढून काढला. केसही ओढले गेले. “शेवटी जातीवर गेलीस,” म्हणाले.

“माणसावर गेली,” मी म्हटलं. एवढंच सुचलं.

कचेरीतून बाहेर पडले तेव्हा देशमुखबाबू खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मला तिथल्या तिथं काढलं, भावाला दुसऱ्या दिवशी.

गावी, घरी भाऊ म्हणाला, “तो देशमुख तुह्यावर हासला होता. त्याच्यासाठी माही नोकरी घालवली?”

“त्याच्यासाठी नाही.”

“मंग कोनासाठी?”

 तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. बाई आमच्याकडे आली होती. ती आमच्या दोघांमध्ये ताटं वाढायची.

पुढं अमरावतीत दुसऱ्या बोर्डावर काम मिळालं. पहिल्याच दिवशी मी तिथल्या साहेबाला विचारलं, “इथं चोरून ऐकाची सोय आहे का?” तो म्हणाला, तुला काय करायचंय. मी सांगितलं. असेल तर मी सगळ्यांना सांगणार. मालकाला, हमालाला, माझ्यावर हसणाऱ्यालाही. काढायचं असेल तर आत्ताच काढा. ठेवलं, तर सांगणार.